राहिलेला पेपर

हिंजवडीच्या रस्त्यावर बहावा फुलला की अजूनही मी घाबरते. त्या पिवळ्या झुंबरांना भ्यावं असं खरं तर काही नाही. कंपनीची बस चौकात अडकलेली असते. पुढे बस, मागे बस, शेजारी बस. आतली मुलं कानांत इअरफोनची बोंडं घालून झोपलेली असतात. मी एकटीच खिडकीतून त्या झाडाकडे बघत मनातल्या मनात मुद्दे आठवायला लागते. महागाईची कारणं. बँकांचं राष्ट्रीयीकरण. मग लक्षात येतं, परीक्षा संपून वर्षं झाली. शरीराला ते कोणी कळवलेलंच नसतं.

यंदा त्यात भर पडली. ऑफिसात नवीन आलेली एक मुलगी डबा खाताना म्हणाली, "मॅम, मी ऑनलाइन डिग्री करायचं म्हणतेय. तुम्ही केलीय ना? म्हणजे एक्झॅक्टली काय एक्स्पेक्ट करायचं?"

"नेट चांगलं घे," मी म्हणाले.

ती हसली, मीही हसले. सांगायचं होतं ते निराळंच होतं, पण डब्याच्या सुट्टीत ते मावलं नसतं. ते एका अख्ख्या उन्हाळ्याएवढं होतं.

मी मूळची पुलगावची, वर्धा जिल्ह्यातली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं. "उरलेलं तिकडे पुण्यात करशील," असं सगळ्यांनी मला सांगितलं आणि ते सांगताना सगळ्यांना ते खरंच वाटत होतं. प्रमोद, माझा नवरा, चाकणच्या कारखान्यात होता. आम्ही थेरगावात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, मला हिंजवडीत एका कंपनीच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची नोकरी लागली. उरलेलं शिक्षण मात्र तसंच उरलं. मग एका वर्षी ऑफिसात बोलणी सुरू झाली, की यापुढे पदवी नसलेल्यांना कायम करणं अवघड आहे. कोणी रागावून सांगितलं नाही. इथे वाईट बातमीसुद्धा फार गोड आवाजात देतात. त्याच आठवड्यात मी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. विषय अर्थशास्त्र.

मला वाटलं होतं, हे सोपं असणार. कॉलेजला जायचं नाही, बस बदलायची नाही, साडी-ड्रेसचा विचार नाही. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली. कॉलेजला जाणाऱ्या बाईला घर काही तास तरी सोडतं. घरात बसून शिकणाऱ्या बाईला घर सोडत नाही. तुम्ही समोर दिसत असता, म्हणजे तुम्ही मोकळ्या असता. मी लॅपटॉप उघडला की प्रमोदला मोजे सापडायचे नाहीत, मुलीचं पोट दुखायला लागायचं आणि दूधवाल्याला सुटे हवे असायचे. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मी कुठे गेलेली नव्हते, एवढंच.

म्हणून माझं कॉलेज बसमध्ये भरायचं. सकाळी जाताना एक व्याख्यान, संध्याकाळी येताना दुसरं. रहदारी जास्त असली तर दीड. निळ्या भिंतीपुढे उभे राहून एक सर मागणी-पुरवठा शिकवायचे. मध्येच ते खोकायचे. तो धडा मी तीनदा ऐकला, तिन्ही वेळा ते त्याच शब्दावर खोकले. तेव्हा कसंसंच झालं होतं. आपण सरांना थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, कुकरची शिट्टी होईपर्यंत तोंड उघडं ठेवून उभं करू शकतो; पण आपण तिथे आहोत हे त्यांना कधीच कळणार नाही. वर्गात झोपणाऱ्या पोराला निदान खडू तरी फेकून मारतात. इथे झोपलात तर झोपलात.

शनिवारी सकाळी मात्र खरा, जिवंत तास असायचा. पडद्यावर लहान लहान चौकोन, प्रत्येकात नावाचं पहिलं अक्षर. चेहरा कोणी दाखवत नसे. एका शनिवारी बाई पडद्यावरची पानं भराभर वाचून दाखवत होत्या आणि आम्ही सगळे मुकाट होतो. तेवढ्यात एक खणखणीत आवाज आला.

"अहो मॅडम, हे आपण वाचून दाखवताय ते आम्हालाही वाचता येतं. समजावून सांगणार असाल तर थांबते, नाहीतर माझी भाजी चिरायची आहे."

सगळे चौकोन गार पडले. मॅडम गोंधळल्या, मग खरोखरच समजावून सांगायला लागल्या. त्या दिवशी मला चलनवाढ कळली, ती आजपर्यंत विसरले नाही. 'मं' अक्षराच्या त्या चौकोनाला मी मागाहून मेसेज केला : खूप छान बोललात. लगेच फोनच आला.

"देवाने बोटं दिलीत तसं तोंडही दिलंय की. मेसेज कसले करता? मी मंदा गोखले. शनिवार पेठ. वय सदुसष्ट. आपण?"

अशा मंदाताई माझ्या आयुष्यात आल्या. आठवड्याभरात 'आपण'चं 'तुम्ही' झालं आणि महिन्याभरात 'तू'. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लांबच्या गावाला फोन लावायचा तर आधी नोंदवावा लागे, त्या काळातल्या. मोठ्या हॉलमध्ये ओळीने बसलेल्या बायका, कानाला यंत्र, समोर फोन जोडायच्या खुंट्या. "बोला नागपूर, पुणे बोलतंय." मग यंत्रं आली, गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं आली, हॉलमधल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मंदाताईंना बिलांच्या खिडकीत बसवलं. तिथे त्या रमल्या नाहीत, स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आल्या. लग्न केलं नव्हतं. आई-वडील होते तोवर त्यांचं केलं. नंतर फोन वाजायचा कमी झाला.

आमच्या अभ्यासात नव्या आर्थिक धोरणाचा एक धडा होता. त्यात दूरसंचार क्षेत्रातील बदल असा अर्ध्या पानाचा मजकूर होता. तो मी फोनवर वाचून दाखवला.

"ताई, ऐकताय ना?"

"ऐकतेय. त्या अर्ध्या पानात मी आहे, वैशाली. फक्त नावाने नाही." मग लगेच म्हणाल्या, "असू दे. फायदे-तोटे लिहा असा प्रश्न आला तर फायदे तू सांग, तोटे मी सांगते. मला पाठ करावे लागणार नाहीत."

सकाळी मी पोळ्या करायला लागले की त्यांचा फोन यायचा. फोन पिठाच्या डब्याला टेकवून, आवाज मोठा करून मी लाटत राहायची आणि त्या प्रश्न विचारायच्या. उत्तर चुकलं की म्हणायच्या, "पोळी तरी गोल येतेय ना?" तीन वर्षं मी त्यांना पाहिलं नव्हतं आणि त्यांनी मला. चेहरे बघून फोनवर बोलायची सोय असताना एकदाही आम्ही ती वापरली नाही. त्यांना नको होतं. "चेहरा बघितला की माणूस ऐकत नाही," हे त्यांचं म्हणणं. माझ्या मनात त्या उंच, रुंद हाडाच्या, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणाऱ्या बाई होत्या. एवढा आवाज मावायला तेवढी जागा लागणारच.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मामाजी आमच्याकडे राहायला आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई वारल्या, त्यानंतर गावात ते एकटे राहू शकेनात. आधी वाटलं दुःख आहे. मग दिसायला लागलं, की त्यांना गोष्टी आठवत नाहीत. दुपारी जेवून उठले की विचारायचे, जेवण कधी. गिरणीतली चाळीस वर्षांपूर्वीची पाळी आठवायची, सकाळचा चहा नाही. स्वभाव मात्र लोण्यासारखा. सकाळी ओट्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसायचे आणि डब्याला टेकलेल्या फोनमधून येणारं अर्थशास्त्र शांतपणे ऐकायचे.

"पोरी, ते बाई कोण बोलून रायली?"

"मंदाताई आहेत, मामाजी. अभ्यास घेताहेत माझा."

"जेवली का ते?"

मंदाताईंना ऐकू जायचं. "जेवले हो मामाजी," त्या तिकडून सांगायच्या. सकाळचे सहा वाजलेले असले तरी सांगायच्या. ते समाधानाने मान हलवायचे. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. कितीतरी मोठे संवाद मी ऐकलेत, पण इतकं नीट पोचलेलं बोलणं क्वचित.

आणि मग तो उन्हाळा. पुण्याचा मे महिना तसा सोसण्यासारखा म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांची घरं वरच्या मजल्यावर पत्र्याखाली नसतात. भिंती दुपारी तापायच्या त्या सकाळपर्यंत निवायच्या नाहीत. गुरुवारी पाणी नाही, म्हणून बुधवारी रात्री सगळी भांडी भरलेली. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, त्यांचा चिकाचा आंबूस वास खिडकीतून आत. कैरी उकडली की साऱ्या जिन्यात पन्ह्याचा सुगंध. मुलगी सुट्टीत आजोळी गेलेली. मी बुधवार पेठेत जाऊन लॅपटॉपला लावायचा कॅमेरा आणला, कारण परीक्षा घरीच द्यायची होती आणि तिचे नियम कडक होते. खोलीत दुसरं कोणी नको. दार बंद. आवाज नको. नजर पडद्यावरून फार वेळ हलता कामा नये. सुरुवातीला कॅमेरा फिरवून चारही भिंती, टेबलाखालची जागा, सगळं दाखवायचं. तीन वर्षं ज्या पडद्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, तो आता पापणी न हलवता माझ्याकडे पाहणार होता.

पहिले पेपर बरे गेले. मामाजी त्या वेळात खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे बसायचे. भारतीय अर्थव्यवस्थेचा पेपर दुपारी होता. प्रमोद पाळीवर होता. काकूंकडे मामाजींना सोडून मी वर आले, भिंती दाखवल्या, बसले. प्रश्न सोपे होते. नव्या धोरणाचाच मोठा प्रश्न आला होता. मी हसलेसुद्धा, आणि मंदाताईंचे तोटे एकेक करून लिहायला लागले.

बाहेरचं दार वाजलं. मी उठले नाही. पुन्हा वाजलं. मग बाहेरून हाक आली, "अवो... दार उघड वो..." ते मला हाक मारत नव्हते. ते सासूबाईंना हाक मारत होते.

काकूंना डुलकी लागली होती. तेवढ्यात मामाजी बाहेर पडले होते, अनवाणी, आणि मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर कोण जाणे किती चालून आले होते. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला फक्त हाक ऐकू येत होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं आली होती : आवाज आढळला. मी पडद्याकडे बघत राहिले. नुसतीच बघत राहिले, हात लिहायचे थांबले होते. मनात आलं, अजून थोडा वेळ. एवढं उत्तर. काकू येतील. हाक रडवेली झाली.

मी उठले.

दार उघडलं तर ते एका पायावर उभे होते. तळवे भाजून लाल झाले होते, एका टाचेला फोड आलेला. मला ओळखलं नाही त्यांनी. "बाई, हे आमचंच घर हाय ना?" असं विचारलं. मी त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं, त्याच खोलीत, कारण पंखा तिथे होता. परातीत पाणी आणलं आणि पाय त्यात सोडले. गार पाणी लागल्यावर ते लहान मुलासारखे हुं हुं करत राहिले. मागे लॅपटॉप दोनदा टिंग करून वाजला आणि मग वाजायचा थांबला. नंतर पाहिलं तर पडद्यावर एकच ओळ होती : आपली परीक्षा थांबवण्यात आली आहे.

त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. संध्याकाळी वाटलं, आणि फार वाटलं. प्रमोद घरी आल्यावर मी त्याला बोलले ते आता लिहिणार नाही. तो बिचारा वडिलांच्या पायाला मलम लावत बसला. काकू रडत आल्या, त्यांच्याशीही मी धड बोलले नाही. मंदाताईंचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत असताना मामाजी डब्याकडे बघून म्हणाले, "ते बाई आज बोलत नाही?" मी म्हटलं, नाही. "जेवली नसन मंग," ते म्हणाले.

आज वाटतं, ऑनलाइन शिकण्यातली खरी जोखीम हीच आहे. सोडून देणं फार सोपं असतं. वर्गातून नाहीसं झालं तर रिकामा बाक तरी दिसतो. इथे चौकोन विझतो आणि बाकीचे चौकोन सरकून ती जागा भरून टाकतात. मी विझायच्या बेतात होते आणि कोणाला कळलंही नसतं.

तिसऱ्या दिवशीच दुपारी दाराची घंटा वाजली. दारात एक बाई. माझ्या खांद्यालासुद्धा लागणार नाहीत इतक्या बुटक्या, काटकुळ्या, डोक्यावर काळी छत्री, घामाने चेहरा तांबडा झालेला. मी म्हटलं, "कोण पाहिजे?"

त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "अशी कशी उंच निघालीस तू?" तो आवाज! "फोनवर चांगली बुटकी वाटायचीस."

मागे कधीतरी त्यांनी मला एक पुस्तक कुरिअरने पाठवलं होतं, तेव्हाचा पत्ता त्यांनी जपून ठेवला होता. दोन बस बदलून, भर उन्हात त्या थेरगावला आल्या होत्या. आत येऊन छत्री मिटली आणि म्हणाल्या, "फोन न उचलणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर ओळखत आलेय. एक, घरात नसतात. दोन, घरात असतात. दुसऱ्या प्रकारच्यांसाठी जावं लागतं. पाणी दे."

मी पाणी दिलं आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मामाजी बाहेर आले, नव्या बाईकडे संशयाने बघायला लागले. मंदाताई म्हणाल्या, "जेवले हो मामाजी." त्यांचा चेहरा असा उजळला! इतक्या दिवसांत त्यांनी कोणाला इतकं चटकन ओळखलं नव्हतं.

मग मंदाताईंनी मला लॅपटॉप उघडायला लावला आणि झालं ते जसंच्या तसं विद्यापीठाला कळवायला लावलं. मी विनंत्या आणि क्षमा लिहायला लागले, तर म्हणाल्या, "क्षमा कसली? तू कॉपी केलीस? पाय धुतलेस. तेच लिही."

दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. चित्रीकरण पाहिलं, फेरपरीक्षेला परवानगी आहे, अमुक तारीख, दुपारची वेळ. खाली वेगळ्या ओळीत कोणीतरी लिहिलं होतं : आजोबांचे पाय आता कसे आहेत? कोण होतं ते, मला आजही माहीत नाही. पण त्या तीन वर्षांत पडद्याच्या पलीकडून कोणीतरी मला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

फेरपरीक्षा मंदाताईंच्या घरी द्यायची असं त्यांनीच ठरवलं. मी विचारलं, "तुमचा नाही ना त्या दिवशी पेपर?" आमचा ऐच्छिक विषय वेगळा होता, माझं समाजशास्त्र, त्यांचा इतिहास, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक मला ठाऊक नव्हतं.

"माझे संपले," त्या म्हणाल्या.

त्यांचा फ्लॅट शनिवार पेठेत एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली दुकानं, रिक्षांचा गोंगाट, पण आतली खोली मागच्या अंगाला, शांत. मामाजींना घेऊन मी रिक्षाने गेले. मंदाताईंनी घंटेची तार काढून ठेवली होती, घरातला फोन काढून ठेवला होता, आणि दारावर कागद लावला होता : 'आत परीक्षा चालू आहे. घंटा वाजणार नाही. दार वाजवल्यास उघडणार नाही. कारण विचारू नये.'

मी आत बसले. पंख्याचा आवाज सोडला तर सगळं निःशब्द. दोन माणसं बाहेरच्या खोलीत आहेत हे मला माहीत होतं, त्यातलं एक माणूस तर एक मिनिट गप्प बसू शकत नाही हेही माहीत होतं, आणि तरी आतपर्यंत श्वासही पोचला नाही. लिहिता लिहिता मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. शेवटी पडद्यावर 'उत्तरे जमा झाली' असं आलं आणि मी दार उघडलं.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोघं समोरासमोर बसले होते. मध्ये चिंचेचा ढीग. मंदाताई चिंच सोलून मामाजींकडे सरकवत होत्या आणि मामाजी मन लावून एकेक चिंचोका काढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. "चूप," ते कुजबुजले. "आत पोरीची परीक्षा हाय."

निकाल लागला तेव्हा रस्त्याकडेचे गुलमोहर झडून खाली लाल चिखल झाला होता. मी पास झाले होते. पहिला फोन मंदाताईंना केला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "वाटलंच होतं."

"आणि तुमचं?"

"एक सोडून सगळ्यांत आहे."

"कुठला गेला?"

"गेला नाही. मीच गेले नाही."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. इतिहास. तीच तारीख, तीच वेळ. आतल्या खोलीत मी बसले होते आणि बाहेर त्या चिंच सोलत होत्या. मी तडक बस पकडून शनिवार पेठेत गेले. त्यांच्यावर इतकी चिडले की दारातच सुरू झाले.

"असं कसं केलंत ताई? मला सांगितलं का नाहीत? मी तारीख बदलून मागितली असती, प्रमोदने रजा काढली असती..."

"काढली असती ना. आणि मागितली असतीस. पण तू तेव्हा दुसरा धक्का सोसण्याच्या अवस्थेत नव्हतीस. आवाजच नव्हता तुझ्यात." त्या शांतपणे चहा गाळत होत्या. "बस. आणि फार मोठा त्याग वगैरे केला असं मनात आणू नकोस. मला नोकरी मिळवायची नाही, बढती घ्यायची नाही. डिग्री झाली असती तर शनिवारी सकाळी मी काय केलं असतं, सांग."

मी बसले.

"तीन वर्षं शनिवारी सकाळी कोणीतरी माझं नाव पुकारतंय," त्या म्हणाल्या. "ते संपवायची मला घाई नव्हती. तुझं निमित्त झालं. साखर घातलीय, ढवळून घे."

यातलं खरं किती आणि माझ्यासाठी म्हणून सांगितलेलं किती, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. कधी वाटतं, त्यांनी माझ्या पाठीवरचं ओझं उतरवायला हे रचलं. कधी वाटतं, उलट तेच खरं होतं, आणि ते उघड सांगायला त्यांना माझा पेपर हे निमित्त मिळालं. माणूस दुसऱ्यासाठी करतो आणि स्वतःसाठी करतो यांच्यामध्ये सरळ रेघ ओढता येते असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही.

पुढचं वर्षभर सकाळचे फोन चालू राहिले. आता मी विचारायची आणि त्या उत्तरं द्यायच्या. इतिहासाच्या सनावळीत त्या गडबडायच्या आणि पुस्तकालाच दोष द्यायच्या. माझी नोकरी कायम झाली. ऑफिसात पेढे वाटले, त्यातला पहिला मी पिठाच्या डब्यासमोर ठेवला होता, फोनपुढे, आणि मंदाताई तिकडून म्हणाल्या होत्या, "मधुमेह आहे मला, मामाजींना दे." मामाजी तोवर मला 'बाई' म्हणायला लागले होते. प्रमोदला ओळखायचे नाहीत. पण सकाळी तो आवाज आला की खुर्चीत सरळ होऊन बसायचे. मंदाताई रोज त्यांना सांगायच्या, जेवले हो. आणि ते रोज मान हलवायचे.

पुन्हा उन्हाळा आला. मंदाताईंच्या इतिहासाच्या पेपरला मी रजा काढली आणि मामाजींना घेऊन शनिवार पेठेत गेले. घंटेची तार या वेळी मी काढली. चिंच मीच विकत आणली होती. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं वर्तमानपत्र पसरून बसलो. मामाजींचे हात आता थरथरायचे, चिंचोका निसटून लांब जायचा, मी तो गुपचूप उचलून आणायची.

आतून अर्ध्या तासाने आवाज आला.

"अहो, बोलत नाहीये मी. वाचतेय."

प्रश्न मोठ्याने वाचायची त्यांची सवय! पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं आली असणार. मला दाराशी जाऊन 'शू' म्हणायचीही सोय नव्हती. "आवाज आहे तो माझा, दुसरं कोणी नाही," मंदाताई यंत्राला समजावत होत्या. मी दोन्ही हात जोडले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनीही जोडले. मग आत शांतता झाली. ती शेवटपर्यंत टिकली.

त्या बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि चष्मा कपाळावर. खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. पेपर चांगला गेला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्याबरोबर आणखीही काही दिसत होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"चला. संपलं," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी वर्तमानपत्र गोळा करत म्हणाले, "एम.ए.चे प्रवेश सुरू झालेत ताई. मी नाव घातलंय. तुमचंही घालून ठेवलंय. फोटो तेवढा लागतोय."

त्या एकदम वळल्या. "मला न विचारता?"

"तुम्ही तरी पेपर सोडताना मला कुठे विचारलं होतंत?"

मंदाताई उठल्या, कपाटाच्या आरशापुढे उभ्या राहिल्या आणि विस्कटलेले केस नीट करायला लागल्या.

"काढ फोटो," त्या म्हणाल्या. "आणि त्या शनिवारच्या मॅडमना सांगून ठेव, या वेळी वाचून दाखवलेलं चालणार नाही."